कासुकाबेचं पाताळ आणि ७० मीटरची विहीर

टोकियोत देवळं आणि मॉल बघून कंटाळा आला की जवळच्या कासुकाबेला जा, तिथे पुराचं पाणी जमिनीखाली साठवून नदीत सोडायची प्रचंड यंत्रणा आहे. आमचा मावसभाऊ तिकडेच नोकरीला असल्यामुळे दुभाषा फुकटात मिळाला. मिनामी-साकुराई स्टेशनवरून टॅक्सी केली, उतरून बघतो तर फुटबॉलचं ग्राउंड आणि कडेला छोटीशी खोली, म्हटलं हे काय! आत जिना, शंभरेक पायऱ्या, आणि खाली १७७ मीटर लांब, ७८ मीटर रुंद टाकी, त्यात ५९ खांब, एकेक ५०० टनांचा. एवढे वजनदार कशाला, तर भुईतलं पाणी अख्खी टाकी वर उचलू बघतं, तिला दाबून धरायला. उन्हाळ्यातही गारेगार, आणि बुटाला चिकटणारा पुराचा गाळ.

फोटो सगळे इथलेच काढतात, पण खरी गंमत शाफ्टमध्ये, म्हणजे पाणी आत घेणाऱ्या उभ्या विहिरीत आहे बरं का. हेल्मेट, हार्नेस चढवून कडेच्या जाळीच्या वाटेवर गेलो, खाली बघितलं आणि पोटात गोळाच आला. ३० मीटर रुंद, ७० मीटर खोल. असे ५ शाफ्ट, त्यांना जोडणारा ६.३ किलोमीटरचा बोगदा. नाकागावा, कुरामात्सु अशा छोट्या नद्या फुगल्या की जास्तीचं पाणी बाकीच्या शाफ्टमध्ये पडतं, बोगद्यातून इथे १ नंबरच्या शाफ्टला येतं आणि इथे मात्र खालून वर चढत टाकीत शिरतं, मग पंप ते एदो नदीत फेकतात, सेकंदाला २०० घनमीटरपर्यंत!

मी भावाला विचारलं, एवढ्या उंचीवरून पाणी पडून तळ फुटत नाही का रे? तो सिव्हिलवाला, लगेच सुरू झाला. सरळ सोडलं तर पाणी हवा ओढत जातं, ती बोगद्यात कोंडली की धक्के बसतात, झाकणंसुद्धा उडतात. म्हणून खोल बोगद्यांना बऱ्याच ठिकाणी पाणी कडेने तिरकं आत घेतात, म्हणजे मोरीत फिरतं तसं ते भिंतीला धरून गोल गोल उतरतं, मधे हवेला वाट राहते आणि बराचसा जोर भिंतीशी घासूनच जिरतो. लंडनच्या टाइडवे बोगद्यात सांडपाणी असंच खाली उतरवतात म्हणे.

जायचं असेल तर बुकिंग आधी करा, शाफ्टवाला कोर्सच घ्या, नुसत्या खांबांचा नको. आणि मोठा पाऊस झाला तर टूर कॅन्सल, टाकी तेव्हा कामावर असते.