सर्क्युलर जमलं, मेण वितळलं

तर मंडळी, डिजरीडूवर (लांब नळीसारखं, ओठ थरथरवत फुंकायचं वाद्य, माझं पीव्हीसी पाइपचं) सर्क्युलर जमलं, म्हणजे फुंकणं न थांबवता नाकाने श्वास घेणं! अजून कच्चं आहे, मिनिटभर ड्रोन, म्हणजे एकसलग सूर, न तुटता चालतो आणि मग गाल दुखायला लागतात, पण चालतो. मागच्या वेळी मी वैतागून लिहिलेलं की पाइप प्लंबरला देऊन टाकतो आणि गप सीपॅप (झोपेत मास्कमधून हवा देणारं मशीन) लावून झोपतो, त्यावर तुमच्यातल्या दोघांनी लगेच "लांबी किती, कितीला देणार" विचारलेलं. पाइप विकायचा नाही, विषय संपला.

या एकाच गोष्टीवर एवढं डोकं का फोडलं तर आपण सगळे ज्या स्विस अभ्यासाच्या जोरावर फुंकत बसलोय ना, २००६ च्या बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकातला, त्यात पहिल्या धड्यात मूळ सूर २०-३० सेकंद धरायला शिकवलाय आणि दुसऱ्याच धड्यात सर्क्युलर. म्हणजे ज्याला सर्क्युलर येत नाही तो त्या लोकांनी केलं ते करतच नाहीये, नुसता भोंगा वाजवतोय. कडक वाटेल पण माझं मत हेच. शिकवणारे होते अलेक्स सुआरेझ, त्यांना आणि त्यांच्या काही विद्यार्थ्यांना दिवसाची पेंग आणि घोरणं कमी झाल्याचं जाणवलं, तिथूनच तो अभ्यास निघाला. घशाचे स्नायू झोपेत सैल पडून वाट बंद होते हा आपला आजार, स्लीप ॲप्निया, आणि फुंकायच्या व्यायामाने त्या स्नायूंना ताकद येते असा तर्क. एकूण २५ माणसं, चार महिने, एएचआय (झोपेत तासाला किती वेळा श्वास अडतो तो आकडा) १५ ते ३० वाले. वाजवणारे आणि न वाजवणारे या दोन गटांतला फरक साधारण सहाचा, एपवर्थमध्ये (दिवसाच्या पेंगेचे गुण) तीनचा. माझा एएचआय २२, म्हणजे त्यांच्याच पट्ट्यात बसतो, म्हणून तर हा उद्योग. (२०१७ ला यालाच शांततेचं इग नोबेल, म्हणजे गमतीदार संशोधनाला देतात ते बक्षीस, मिळालं. आमच्या हिच्या मते शांतता पाइप बंद केल्यावर सुरू होते.)

आता मूळ दुखणं. नाकाने श्वास घ्यायच्या क्षणी ड्रोनला खड्डा पडायचा. गालात हवा साठवा, जिभेचा मागचा भाग टाळूला लावून घसा बंद करा, गाल दाबा, तेवढ्यात नाकाने ओढा, हे व्हिडिओत सगळे सांगतात, ग्लासातल्या पाण्यात स्ट्रॉने बुडबुडे काढणं मला सुरुवातीलाच आलं, बुडबुडे तुटत नव्हते, पण तेच पाइपवर गेलं की फुर्र. ओठांचं कंपनच बंद. जोर वाढवला, गाल फुगवले, पाइप बदलला, उभं राहून करून पाहिलं, काही नाही. सुंदरी हे सनईसारखं वाद्य आपल्या सोलापूरचं, लग्नात सनईच्या ताफ्यात सूर धरणारा माणूस अर्धा तास श्वास न तोडता बसतो, तर म्हटलं आपल्याला गुरूची काय कमी? एका सनईवाल्याला गाठलं. तो म्हणाला लहानपणापासून येतंय, कसं ते कसं सांगू. बरोबर आहे त्याचं, चालता येणाऱ्याला चालायचं कसं विचारलं तर तो काय सांगणार.

उत्तर मिळालं सराफ बाजारात, बायकोचं मंगळसूत्र डागायला दिलेलं तिथे. ओळखीतले सोनार काका, वय झालंय, अजून तोंडात फुंकणी धरून ज्योत वळवतात, गॅसचा टॉर्च शेजारी पडलेला असतो तरी. बघतो तर ज्योत हलत नाही. एकदा पण नाही! आणि काका मधेच नाकाने श्वास घेतायत. मी तिथेच स्टुलावर बसकण मारली. डाग लागल्यावर विचारलं, तर म्हणाले, "मालक, श्वास घ्यायची घाई कशाला करालाव? गाल म्हंजे वरची टाकी, छाती म्हंजे नळ. नळ आला की टाकी भरून ठेवायची, टाकी रिकामी व्हायची वाट बघत बसलं तर बादली कोरडीच की."

चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हे कुणाला कळणार नाही! मी ड्रोन वाजवताना गाल सपाट ठेवायचो आणि हवा संपत आली की घाईघाईने फुगवायचो, काकांचे गाल कायम थोडे भरलेलेच, अर्धी छाती भरलेली असतानाच छोटासा घोट नाकाने, परत छोटा घोट. मोठा श्वास घ्यायचाच नाही. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली नाही पण डोळ्यांना दिसली, फुंकणीचं भोक बारीक, त्यामुळे गालातली हवा हळूहळू जाते, नाकाला वेळ मिळतो. माझा पाइप दीड इंची, तोंडाशी ४० मिलीमीटर, तिथे गाल एका झटक्यात रिकामे. बॅकप्रेशर, बॅकप्रेशर (फुंकताना नळीकडून होणारा विरोध) म्हणून जे सगळे ओरडतात ते हेच.

मग घरी येऊन उतरंड लावली. आधी स्ट्रॉ, मग अर्धा इंची पाइपचा तुकडा पाण्यात, आणि मुख्य पाइपला तोंडाशी दीडचा सव्वा करणारा रिड्युसर आणि सव्वाचा वीतभर तुकडा. त्यावर मेणाची कड देऊन आतलं माप २९-३० मिलीमीटरवर आणलं. पहिल्याच संध्याकाळी खड्डा अर्धा झाला. नंतर एकदा ड्रोन चालू असताना नाकाने हवा आत गेल्याचं मलाच नंतर कळलं. तो क्षण काय सांगू, एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

आता वैतागाची बातमी. मेण. मधमाशीचं मेण ६२-६४ अंशांना वितळतं, पण मऊ पडायला तेवढं लागत नाही, आणि आपल्याकडे दुपारी बेचाळीस. माळ्यावर उभा करून ठेवलेला पाइप संध्याकाळी उचलला तर कड एका बाजूला ओघळलेली आणि त्यावर मुंग्या. ऑनलाइन मागवलेलं 'प्युअर' मेण तर बोटाने दाबलं तरी दबत होतं, वासही मेणबत्तीचा, पॅराफिन भरलेलं असणार. शेवटी मधवाल्याकडून पोळ्याचं मेण आणून कपड्यातून गाळलं. सोनार काकाच म्हणाले थोडी राळ घाला, नक्षीकाम ठोकताना दागिन्याखाली ते राळच घालतात. घातली. कडक झालं खरं, पण जास्त पडली की कड ठिसूळ होते आणि वरच्या ओठाला टोचते, त्यामुळे चिमूटभरच. तूर्त उपाय म्हणजे तोंडाचा तुकडा चिकटवायचाच नाही, नुसता सॉकेटमध्ये दाबून बसवायचा आणि वाजवून झालं की काढून फ्रिजच्या दारात, दह्याच्या शेजारी. घरात यावर चर्चा झाली आहे.

थेरपी डिजरीडू म्हणून बांबूचे महागडे विकतात ते इकडे घेऊ नका, कोरड्या उन्हाळ्यात तडकतात. अभ्यासातही ॲक्रिलिक प्लास्टिकचेच होते, साधारण १३० सेंटीमीटर लांब आणि ४ सेंटीमीटर व्यासाचे. आपल्या पीव्हीसीला नावं ठेवणाऱ्यांना हे सांगा. माझा तेवढ्याच लांबीचा, ट्यूनर ॲपवर खालच्या सी सुराच्या आसपास येतो, दुपारच्या उन्हात सूर थोडा चढतो.

आवाजाचं विचारलेलं एकाने. मी पूर्व भागात राहतो, दिवसभर पॉवरलूमचा खडखडाट, त्यात माझा ड्रोन कुणालाच ऐकू येत नाही. कारखाने बंद असतात त्या दिवशी मात्र शेजारच्या आजींनी पंप खराब झालाय का विचारलं.

पुढचा प्लॅन खरं तर निलगिरीचा अस्सल वाळवीने पोखरलेला डिजरीडू मागवायचा होता, पैसे बाजूला काढलेले. पण हे लिहिता लिहिताच सुचलं, अक्कलकोट रोडच्या पुढे बांधावर घायपाताचे वाळलेले दांडे उभे आहेत की! फुलून गेलं की झाड मरतं आणि दांडा तसाच वाळतो. बाहेरच्या देशांत अगेव्हचे डिजरीडू म्हणून विकतात ते हेच, उभं चिरायचं, आतला गर खरवडून काढायचा, परत जोडायचं. वजन नाही, आणि दांडा वर निमुळता असल्याने तोंड आपोआप बारीक, खाली बेल (खालचं तोंड) मोठी, म्हणजे रिड्युसरचा खेळच संपला. निलगिरी कॅन्सल. शेतमालकाला विचारून दोन दांडे आणतो.

सीपॅप चालूच आहे, तो डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काढणार नाही, आणि तुम्हीही काढू नका, लाइट गेली म्हणून मास्क नसलेल्या रात्रीनंतर माझी अवस्था मला माहितीये. एपवर्थ १४ वरून ११ वर आलाय, पण तो स्वतःच भरायचा फॉर्म, त्याच्यावर नाचण्यात अर्थ नाही. खरं काय ते स्लीप टेस्ट परत झाल्यावर, आणि ती चार महिने नीट सर्क्युलर वाजवल्यावरच करणार, आठवड्याला किमान पाच दिवस, वीस मिनिटं. याआधीचं भोंगा वाजवणं त्यात धरत नाही.

कुणी घायपात चिरून जोडलाय का? आतून इपॉक्सी लावलं की नुसतं जवसाचं तेल पुरतं? थुंकी आत जाऊन लाकूड कुजतं असं वाचलंय. आणि जोडावर फेविकॉल इथल्या उन्हात टिकतो का तेही सांगा, दांडे आणायच्या आधी.