बांबू गावाचा, पास कोणाचा?

नागपूर झालं, ताडोबा झालं. ताडोब्यात जिप्सींच्या रांगांनी जीव विटला, त्यावर जास्त लिहीत नाही. लिहायचंय ते मेंढा-लेखाबद्दल. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्यावर तीसेक किलोमीटरवर हे गोंडांचं छोटंसं गाव आहे.

अंगणात बाज टाकली, कोरा चहा आला. ग्रामसभेचं काम पाहणाऱ्या काकांनी आतून बांबूच्या वाहतूक परवान्यांचं, म्हणजे पासांचं, पुस्तक आणलं. गाडीचा नंबर, बांबू किती, माल कुठे चाललाय, आणि खाली सही ग्रामसभेची.

“ह्या सहीसाठी लय भांडलो, भाऊ,” काका म्हणाले.

2006 च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनउपज (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल) आहे, म्हणजे त्यावर मालकी ग्रामसभेची. 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात सर्वांत आधी हा हक्क मिळवणाऱ्या गावांत मेंढा आहे. पण 1927 चा भारतीय वन कायदा बांबूला झाडांत धरायचा आणि वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हातात होता. बांबू तोडा, पण विकायला नेऊ नका! शेवटी 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा कुठे परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेला मिळालं. जुन्या कायद्यातल्या झाडांच्या व्याख्येतून बांबू वगळायला तर 2017 उजाडलं.

मला याचा मनापासून संताप येतो. संसदेने दिलेला हक्क नाक्यावरच्या एका कागदासाठी अडतो. एखादं जंगल खरंच गावाचं झालं का हे बघायचं असेल, तर तिथून निघालेली गाडी कोण अडवू शकतं ते आधी विचारावं.

इथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचं जरी पटलं नाही तरी विषय पुढच्या सभेला. “वेळ नाही जात?” मी विचारलं.

“जातो नं. पण मंग ठरलेलं कोणी मोडत नाही.”

2013 मध्ये गावाने आपल्या शेतजमिनीही ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं, ग्रामदान कायद्याखाली. तेही असंच, सगळ्यांच्या होकाराने.

तुम्ही जाणार असाल तर आधी गावाला कळवा. गावाच्या पाटीसमोर फोटो काढून निघून जाणारे लोक मी तिथे पाहिले, फार वाईट वाटलं. आणि जमलं तर सभेच्या दिवशीच जा. मी होतो तेव्हा सभा नव्हती, ती चुटपुट अजून आहे.