गाडी तर उभीच होती!

गणपतीच्या आदल्या आठवड्यात माझ्या गॅरेजात मुंबईहून गावी आलेल्यांचा हा प्रश्न दिवसातून चारदा येतो, शिमग्याला पुन्हा. "भाऊ, मे महिन्यात गेलो तेव्हा एका किकला चालू होत होती. तेव्हापासून पडवीत झाकून उभी आहे, कुणी हात लावला नाही. मग रबरं कशी गेली?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा: "जरा सिलिकॉनचा लेप लावून नाही का चालणार?"

उभी होती म्हणूनच गेली.

पेट्रोलमध्ये राहिलेलं रबर थोडं फुगतं. त्याच वेळी त्याला लवचीक ठेवण्यासाठी कालवलेलं तेलकट द्रव्य हळूहळू पेट्रोलात उतरत जातं. गाडी रोज चालते तोवर कळत नाही, कारण गेलेल्याची जागा पेट्रोलच भरून काढत असतं. चार महिने उभी राहिली की पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटर सुकतो, रबरातलं पेट्रोल उडतं आणि रबर आक्रसतं. फ्लोट चेंबरची, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीची, रिंग खाचेला पुरेनाशी होते. पेट्रोल पाईप टाकीखालच्या कॉकच्या नळीवर ताणलेला असतो, तिथेच चिरतो. तुम्ही कॉक उघडता आणि खाली थेंब थेंब सुरू होतं.

पेट्रोलात मिसळतात त्या इथेनॉलला शिव्या घालायची आता पद्धत आहे. 2023 पासून वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं. जुन्या गाड्यांची रबरं त्याच्यासाठी केलेली नव्हती आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, हे सगळं मान्य. पण ही रबरं त्याच्या आधीही अशीच फुटत होती. निदान पाईप आणि पेट्रोल आत सोडणाऱ्या-अडवणाऱ्या फ्लोट निडलचं टोक तरी व्हायटॉन रबराचं घ्या, साधं नायट्राइल रबर नको.

पावसाने रबर कुजत नाही. खाऱ्या दमट हवेत खराब होतो तो धातू. सील म्हणजे फिरत्या शाफ्टभोवतीचं रबरी कडं; त्याचा ओठ जिथे टेकतो तिथे शाफ्टला गंज धरतो आणि गाडी चालू झाली की तो कानशीसारखा ओठ घासून काढतो. त्याहून राग येतो तो पावसाळ्याआधी खालून डिझेल आणि जळकं ऑइल मारण्याचा. चेसिसला मारा, हवं तेवढं मारा. रबरावर उडालं तर तिथल्या तिथे पुसा.

आता सिलिकॉन.

एक आरएक्स हंड्रेड होती, यामाहाची जुनी टू-स्ट्रोक. तक्रार जुनीच: थ्रॉटल सोडला तरी रेस चढून राहते. कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधल्या मॅनिफोल्डचं रबर बाहेरून ठीक दिसत होतं. काढून अंगठ्याने वाकवलं तेव्हा धातूच्या फ्लँजला, म्हणजे बोल्टच्या पट्टीला, रबर जिथे चिकटतं त्या गळ्याशी अर्धा इंच चीर उघडली. सोडलं की मिटली. नायट्राइल पेट्रोलला टिकतं, पण हवेतल्या ओझोनपुढे आणि इंजिनाच्या उष्णतेपुढे हार मानतं. ताण जिथे असतो तिथेच, ताणाला आडवी चीर जाते. म्हणून जागेवर टॉर्च मारून बघण्यात अर्थ नाही, वाकवूनच बघावं लागतं.

दुकानात नवं मॅनिफोल्ड नव्हतं, मालकाला घाई होती. सिलिकॉन मीच लावलं. बाहेरून, जाड थर, रात्रभर सुकवून. दुसऱ्या दिवशी आयडलिंग सुधारलं होतं. जरा वर वाटलं म्हणून स्क्रू अर्धा फेरा सोडला. यातली खरी चूक ती. स्क्रूने रेस खाली आणली की चीर हवा ओढतच राहते, फक्त ऐकू येत नाही. हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि इंजिन तापत जातं.

तीन आठवड्यांनी साखरपा सोडून आंबा घाट चढताना मागचं चाक लॉक झालं. मालकाने क्लच दाबला म्हणून पडला नाही. हेड काढलं तर प्लगचं चिनीमातीचं टोक पांढरं फटक, त्यावर मिठाच्या कणांएवढे ॲल्युमिनियमचे चकचकीत ठिपके. पिस्टन सायलेन्सरच्या बाजूने वरपासून खालपर्यंत ओरबाडलेला, रिंगा खाचेत चिकटलेल्या. आणि मॅनिफोल्डच्या आत, चिरेतून शिरलेलं ते सिलिकॉन पेट्रोलने फुगून दुधावरच्या सायीसारखं सुटलं होतं. त्याची एक पट्टी इंजिनात जाणाऱ्या वाटेवरच्या रीड व्हॉल्व्हच्या पाकळीखाली अडकलेली. सिलिंडरचा 50 मिलीमीटरचा बोअर थेट अर्धा मिलीमीटर वाढवावा लागला.

तेव्हाची कारणं खोटी नव्हती. पार्ट मिळत नव्हता, हे खरं. पण मग गाडी द्यायलाच नको होती. सिलिकॉन इंजिनाच्या खालच्या खोक्याच्या, क्रँक केसच्या, जोडाला चालतं, पेट्रोलच्या वाटेवर नाही, हे तेव्हाही माहीत होतं.

"सायकलची ट्यूब कापून पॅकिंग केलं तर?" हेही विचारतात. दोडामार्ग-सावंतवाडीकडे रबराच्या बागा झाल्या म्हणून सगळं रबर एकच होत नाही. झाडाच्या चिकाचं रबर टायरला उत्तम, पेट्रोल लागलं की लादीपावासारखं फुगतं. ट्यूब ब्यूटाइलची असली तरी गत तीच.

टू-स्ट्रोकला मी आता हवा भरून बघितल्याशिवाय हात लावत नाही. कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढायचे, एक्झॉस्टचं तोंड रबर आणि पट्टीने बंद करायचं, पिस्टन खाली आणायचा. मॅनिफोल्डात बूच, बुचात नळी, आणि नळीला जुन्या बीपी मशीनचा फुगा आणि काटा. काटा 300 वर गेला की दाब साधारण 5.8 पीएसआय होतो. तेवढा पुरे, जास्त दिला तर चांगलं सीलही उलटतं. सहा मिनिटं काटा टिकला पाहिजे. उतरला तर साबणाचं पाणी लावा. मॅग्नेट, म्हणजे वीज तयार करणारं चाक, काढून बघितल्यावर मागे बुडबुडे दिसले तर त्या बाजूचं क्रँक सील गेलं, म्हणजे बाहेरची हवा आत जाते. गिअर ऑइल भरायच्या भोकातून हवा आली तर क्लचच्या बाजूचं. तेव्हा ऑइल कमी होत जातं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. बीपीचा फुगाही रबरच, तो आधी तपासा.

नवं बसवताना फ्लँज काचेवर ठेवून बघा. डुलत असेल तर काचेवरच 400 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून घासा. बोल्ट आलटून पालटून आवळा. एकच बाजू आवळल्याने फ्लँज वाकडी होते आणि दोष रबरावर जातो. सीलच्या ओठाला ग्रीसचं बोट फिरवा. शाफ्टवर चर पडला असेल तर सील केसाएवढं आत-बाहेर बसवा, म्हणजे ओठ नव्या जागेवर टेकेल.

मेडिकलमध्ये मिळणारं गंधपुऱ्याचं तेल एक भाग, झायलीन हे सॉल्व्हंट तीन भाग. त्यात दगड झालेलं मॅनिफोल्ड रात्रभर ठेवलं तर मऊ होतं, हे खरं आहे. चीर मात्र भरत नाही. न चिरलेल्या रबरालाच हा उपाय, आणि तोही नवं येईपर्यंत.

उभ्या गाडीचं काय करायचं, यावर माझंच माझ्याशी जमत नाही. पूर्वी सांगायचो, कॉक बंद करा आणि कार्बोरेटर सुकवून मुंबईला जा. जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं, चोंदत नाहीत, ते बरोबरच. पण रबर सुकतं तेही त्यानेच. मग सांगायला लागलो, घरच्या कुणाला तरी पंधरा दिवसांनी चालू करायला लावा. तर लोक पाच मिनिटं जागेवर रेस देऊन बंद करतात. इंजिन नीट तापत नाही आणि आत पाणी धरतं.

तशीच गोष्ट जुन्या ओरिजनल मालाची. सध्या बाकावर दोन मॅनिफोल्ड आहेत. एक सीलबंद पाकिटातलं, गाडीच्याच वयाचं, पाकिटातच बिस्किटासारखं कडक झालेलं. दुसरं नवं, मऊ, पण नखाने दाबलं की खूण मिटायला वेळ लागतो. गाडीचा मालक शनिवारी येतोय.