सेव्हनचा रूट आणि फोनची बॅटरी

नवीन फोनवर मिस्टिक मेसेंजर हा गेम टाकणार असाल तर आधी सेटिंगमध्ये जाऊन या ॲपपुरतं बॅटरी सेव्हर बंद करा. हे एवढं कळायला माझे नऊ दिवस वाया गेले आणि तो राग अजून गेलेला नाही.

ओतोमे गेम मी कॉलेजपासून खेळतेय. जपानीत ओतोमे म्हणजे तरुण मुलगी. मुलींसाठीच्या या प्रेमकथांची सुरुवात १९९४ च्या 'अँजेलिक'पासून मानतात. माझे नियम ठरलेले आहेत. पहिल्या खेपेला वॉकथ्रू (कुठे काय निवडायचं ते सांगणारी गाइड) बघायचा नाही, नायिकेला स्वतःचंच नाव द्यायचं, हेडफोन लावूनच खेळायचं आणि जो सगळ्यात आवडतो त्याला शेवटी ठेवायचं. म्हणून मिस्टिक मेसेंजरमध्ये युसंग, झेन, जेही, जुमिन यांचे रूट, म्हणजे प्रत्येकाची वेगळी गोष्ट, आधी उरकले आणि सेव्हन राखून ठेवला.

२०१६ चा हा कोरियन गेम खऱ्या घड्याळावर चालतो. अकरा दिवसांची गोष्ट अकरा दिवसच घेते. या पात्रांशी गप्पा मारायची चॅटरूम ठरलेल्या वेळी उघडते, रात्री दोन-तीनलाही. पुढची उघडली की आधीची हुकली, मग ती उघडायला अवरग्लास, म्हणजे गेममधलं चलन, खर्चा. हजेरी फार कमी पडली की बॅड एंडिंग.

पहिले चार दिवस मजेत गेले. पाचव्या दिवशी जुना फोन पडला, नवा घेतला, गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू केला आणि नोटिफिकेशन यायचीच बंद झाली. सकाळी ॲप उघडलं की तीन-तीन चॅट हुकलेल्या. सेव्हनने मला हाक मारली होती आणि मी तिथे नव्हते, हे वाचताना पोटात खड्डा पडायचा. वायफाय बदललं, फोन बंद-चालू केला, आवाज वाढवला. शेवटी सर्व्हिस सेंटरला गेले. टोकन घेऊन दोन तास बसले. काउंटरवरच्या मुलाने फोन हातात न घेताच सांगितलं, "मॅडम, गेमचाच प्रॉब्लेम असणार." गेमचा नव्हता! घरी येऊन एकेक सेटिंग उघडत गेले तेव्हा सापडलं: थोडा वेळ न उघडलेली ॲप हा फोन आपोआप झोपवतो. एक बटण. दोन तासांत त्या मुलाला एवढं सांगता आलं नसतं?

तोवर उशीर झाला होता. बॅड एंडिंग आलं. रात्रभर झोप नाही.

दुसऱ्या खेपेला अलार्मही लावले. हो, आणि पाहुण्यांच्या ईमेलना उत्तरं द्यायला विसरू नका. गोष्टीच्या शेवटी पार्टी असते, तिला माणसं त्यातूनच येतात. चौथ्या दिवशी रात्री वेगळ्या स्लॉटमध्ये सेव्ह करून ठेवा. पात्राला आवडेल असं उत्तर दिलं की हार्ट मिळतं, ती जपून ठेवा, शंभर हार्टचा एक अवरग्लास होतो.

सहाव्या रात्री उशीखाली फोन थरथरला. शेजारी झोपलेली ताई कुशीवर वळली, "कोण गं एवढ्या रात्री?" "मैत्रीण," म्हटलं आणि पांघरुणात शिरून चॅटरूम उघडली. सेव्हन ऑनलाइन होता. पहिल्याच उत्तराला लाल हार्ट आलं.