पहिलीचं वाचन आणि प्रपत्राखालची तळटीप: माझा अनुभव

शिक्षक पद्धत बदलत नाहीत, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की चीड येते. जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी मराठीची विषय साधनव्यक्ती, म्हणजे शिक्षकांना तो विषय शिकवायला मदत करणारी, म्हणून मी काम करते. माझ्याकडच्या केंद्रांतल्या (केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) पहिली-दुसरीच्या शिक्षकांनी वाचन शिकवण्याची पद्धत बदलली, तीही फारशी खळखळ न करता. अडलं ते दर महिन्याला भरून द्यायच्या एका प्रपत्रापाशी. हेच काम करणाऱ्या दुसऱ्या कुणाला तिथे ठेच लागू नये म्हणून हे लिहितेय.

आपल्याकडचा जुना क्रम सगळ्यांना पाठ आहे: आधी अ ते ज्ञ, मग बिनकाना-मात्रेचे शब्द, मग बाराखडी, शेवटी जोडाक्षरं. या क्रमाने गेलं की मूल दिवाळीपर्यंत 'कमळ', 'बदक', 'गवत' एवढ्यातच फिरत राहतं. घरी, अंगणात ते जे बोलतं त्यात काना-मात्रेवाचून एक वाक्य होत नाही, आणि वर्गात मात्र त्याला काना-मात्रा महिनोन्महिने भेटत नाहीत.

आमच्या शिक्षकांनी घेतलेल्या अक्षरगटाच्या नव्या पद्धतीत म, क, न, ल ही चार अक्षरं घ्यायची आणि त्यांच्यासोबत लगेच काना आणि दुसरी वेलांटी. तेवढ्यावर मूल मामा, काकी, नाक, कान, मका, लाल, कमान वाचतं. 'ला' हाताशी असल्यामुळे 'मामीला', 'काकाला' वाचतं. पुढे द आणि एक मात्रा आली की 'काकीला मका दे' हे अख्खं वाक्य. हे वाक्य पहिल्यांदा वाचल्यावर मूल मान वर करून आपल्याकडे बघतं, कारण त्याला ते कळलेलं असतं. तो क्षण शिक्षकाने आपल्या वर्गात एकदा पाहिला की त्याला आणखी काही पटवून द्यावं लागत नाही.

यामागे अभ्यास आहे. आपल्या लिपीत व्यंजन आणि स्वरचिन्ह मिळून अक्षर होतं, आणि बाराखडीसकट मोजली तर अक्षरं चारशेच्या पुढे जातात. संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. त्यात दिसलं की अक्षरांवर पुरता हात बसायला तिसरी-चौथी उजाडते. मग सगळी अक्षरं येईपर्यंत वाचन थांबवून ठेवायचं म्हणजे मुलाची दोन-तीन वर्षं कोरडी घालवायची. पालघर जिल्ह्यातला वाडा आणि कर्नाटकातलं यादगीर इथे शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी काही वर्षं मुलांच्या वाचन-लेखनाचा मागोवा घेतला. वर्गात अर्थाकडे किती कमी लक्ष जातं, हे त्यातून ठळकपणे पुढे आलं. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी आणि वाड्याजवळ सोनाळ्याला नीलेश निमकर यांनी उभ्या केलेल्या संस्थांनी मराठी वाचनावर वर्षानुवर्षं काम केलंय. म्हणजे आपल्याच मातीत, आपल्याच भाषेतलं काम समोर आहे.

प्रशिक्षण, साहित्य, शिक्षण परिषदेतली चर्चा हे सगळं सरळ पार पडलं. एकच सांगते. सभागृहात स्लाइड दाखवू नका. शिक्षकाच्या वर्गात जा, त्याच्याच मुलांना त्याच्यासमोर शिकवा आणि दुसऱ्या दिवशी तो शिकवत असताना मागे बसा. माझं निम्मं काम एवढ्यानेच झालं.

आता प्रपत्र. दर महिन्याच्या शेवटी प्रत्येक शाळेने पहिलीची माहिती द्यायची. रकाने असे: पट, मुळाक्षरे पूर्ण, बाराखडी पूर्ण, शब्दवाचन, वाक्यवाचन, शेरा. खाली तळटीप: 'आधीचा टप्पा पूर्ण असल्याशिवाय विद्यार्थ्याची नोंद पुढील टप्प्यात करू नये.'

या एका ओळीने घोळ केला. 'काकीला मका दे' वाचणाऱ्या मुलाला ढ, ञ, क्ष येत नव्हते, म्हणून ते मुळाक्षरांत बसेना. मुळाक्षरांत नाही म्हणून शब्दांत नाही, शब्दांत नाही म्हणून वाक्यांतही नाही. जी शाळा सगळ्यात चांगली चालली होती, तिच्या नावापुढे सप्टेंबरमध्ये ओळभर 'निरंक' गेलं. जिथे मुलं अ ते ज्ञ तालात म्हणत होती पण 'मामी' समोर ठेवलं की गप्प होत होती, त्या शाळेचा पहिला रकाना भरलेला. लगेच तालुक्याच्या ग्रुपवर लाल रंगाने रंगवलेली यादी आली आणि मागोमाग खुलासा सादर करण्याचं पत्र.

ज्या गुरुजींना ते पत्र आलं त्यांची निवृत्ती जवळ आलीय. ते मला म्हणाले, "मॅडम, पोरं वाचतात हे मला दिसतंय. पण खुलासा मलाच लिहायचाय ना." पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा फळ्यावर ङ आणि ञ होते. मुलं दहा-दहा वेळा गिरवत होती. गुरुजींना बोल लावायला जागाच नव्हती. नोकरीच्या अखेरीला कुणाला दप्तरात खुलासा हवा असतो?

मी कार्यालयात गेले. टेबलावर उत्तर मिळालं, प्रपत्र वरून आलंय, बदलता येणार नाही. वर म्हणजे कुठे, तर जिल्ह्याला. जिल्ह्याला फोन केला तर म्हणाले, तालुक्याने प्रस्ताव पाठवावा. तालुक्याला अर्ज दिला तर 'योग्य मार्गाने सादर करावा' असा शेरा मारून परत. योग्य मार्ग म्हणजे केंद्रप्रमुख. केंद्रप्रमुखांनी सही केली, तोवर तालुक्याचे शिक्षण खात्याचे साहेब निवडणुकीच्या कामात. मग दिवाळीची सुट्टी. तेवढ्यात पुढच्या महिन्याचं प्रपत्र आलं, ग्रुपवर पुन्हा 'माहिती अप्राप्त शाळा' अशी यादी, पुन्हा तेच निरंक. या सगळ्या काळात वर्गात मुलं पुढे जात होती आणि कागदावर मागे पडत होती. शिक्षक मला फोन करून विचारत होते, नेमकं करायचं काय. मी म्हणायचे, शिकवत राहा, खोटा आकडा भरू नका. पण हे म्हणताना मला माहीत होतं की पत्र त्यांच्या नावाने येणार आहे, माझ्या नाही.

इथे एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. माझा अर्ज 'सापडत नाही' असं सांगण्यात आलं तेव्हा शिक्क्याची प्रत दाखवल्यावर दहा मिनिटांत सापडला.

वाट दाखवली ती तिथल्या डाटा ऑपरेटर ताईंनी. त्यांनी सहज म्हटलं, "मॅडम, पत्राच्या वर संदर्भ लिहिलाय, तो काढून बघितलात का?" कार्यालयीन पत्रात 'संदर्भ' म्हणून जे लिहिलेलं असतं ते आपण कधी वाचत नाही. मी ते पत्र मिळवलं. त्यात मुलांच्या वाचनाची प्रगती दरमहा कळवावी एवढंच होतं. तळटीप नव्हतीच. कुठल्या तरी जुन्या वर्षाची फाइल उघडून तिचीच प्रत पुढे पुढे सरकत आली होती, आणि सोबत ती ओळही. महिनोन्महिने जिला 'वरचा आदेश' म्हणत होते, ती ओळ वरून आलेलीच नव्हती. मला त्या दिवशी इतका संताप आला की बसस्थानकावर बसून मी नवीन अर्जाचा मसुदा तिथेच लिहिला.

या अर्जात मी स्वतःचं मत एका ओळीतही घातलं नाही. तिसरीपर्यंत मुलांना वाचन आणि गणित यावं यासाठीचं केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान 5 जुलै 2021 ला सुरू झालं, त्याची उद्दिष्टं सरकारनेच ठरवलेली आहेत. तीच जशीच्या तशी मांडली. पहिलीच्या अखेरीस मुलाला अनोळखी मजकुरातली चार-पाच सोप्या शब्दांची वाक्यं वाचता यावीत. दुसरीत मिनिटाला 45 ते 60 शब्द. तिसरीत किमान 60 शब्द, अर्थ समजून. आधी सगळी मुळाक्षरं पूर्ण करा असं त्यात कुठेही नाही. जोडीला असर या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीचे आकडे दिले: ग्रामीण भारतात तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी 2022 मध्ये 20.5 टक्के होती, 2024 मध्ये 27.1 टक्के. आणि शेवटी एकच मागणी केली. साहेबांनी एकदा वर्गात येऊन स्वतः वाचून घ्यावं.

शिक्षणशास्त्रावर वाद घालत बसलात तर फाइल हलत नाही. त्यांच्याच कागदातली ओळ अधोरेखित करून समोर ठेवली की हलते.

साहेब आले, पण गडबडीत. दुसरीकडे बैठक होती म्हणे. मी भिंतीवर लावलेली यादी दाखवली: मुलांची आतापर्यंत झालेली अक्षरं आणि चिन्हं. विनंती केली की यातलीच अक्षरं वापरून तुम्ही स्वतः वाक्य लिहा, आम्ही शिकवलेलं वाक्य नको. त्यांनी खडू घेतला, थोडा वेळ यादी बघितली आणि लिहिलं, 'नाना, मला पाणी दे.' दुसऱ्या रांगेतली मुलगी उठली. 'पाणी'वर अडखळली, मग एका दमात वाचलं. साहेबांनी विचारलं, "पाणी कुणाला पाहिजे?" ती म्हणाली, "तुमाला. तुमीच लिवलंय." वर्गात गुरुजींचा चेहरा मी बघत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते हसले.

पुढचं सगळं भराभर झालं. टिप्पणी (कार्यालयातली मंजुरीची नोंद) तयार झाली, सही झाली: प्रत्येक रकाना स्वतंत्र भरावा, आधीच्या टप्प्याची अट लावू नये. गुरुजींचा खुलासा मान्य करून दप्तरी दाखल केला. रकाना मात्र काढला नाही. 'मुळाक्षरे पूर्ण' आजही तिथेच आहे. तो राहिला तरी चालेल. अक्षरं यायलाच हवीत, ती वर्षभरात येतात. फक्त त्या रकान्यापायी मुलाचं पुढचं दार बंद होता कामा नये.

काही गोष्टी राहिल्या. मूल नुसतं अक्षर जोडून उच्चार करू लागलं म्हणजे वाचायला आलं असं समजू नका. गॉफ आणि टनमर यांनी 1986 मध्ये मांडलेलं सूत्र मी प्रत्येक शिक्षकाला सांगते: वाचन म्हणजे लिपी उलगडणं गुणिले भाषा समजणं. यातलं एक शून्य असेल तर गुणाकारही शून्य. म्हणून रोज एक गोष्ट शिक्षकाने वाचून दाखवायचीच, तिच्यावर मुलांना बोलू द्यायचं, आणि मूल घरच्या बोलीत बोललं तर ते थांबवायचं नाही. आमच्याकडे हे सगळ्यात आधी सुटतं, कारण प्रपत्रात याला रकानाच नाही. भेटीला गेले की मी आधी हेच विचारते: आज कुठली गोष्ट वाचली?

पालकांना जूनमध्येच बोलवा. आई घरी बाराखडी म्हणायला लावते, मुलाला ती येत नाही, आणि शाळेत काही शिकवत नाहीत अशी गावभर चर्चा होते. पालकांसमोर मुलाला चार ओळी वाचायला लावा, पुढचे प्रश्न येत नाहीत.

अर्जही जूनमध्येच द्या. एकदा माहिती संकलित होऊन जिल्ह्याला गेली की ती दुरुस्त करायला कुणी तयार नसतं. सोबत संदर्भातलं मूळ पत्र, निपुणच्या उद्दिष्टांचं पान आणि ज्या वर्गांत हे चाललंय तिथली अक्षरांची यादी जोडा. दुसऱ्या तालुक्यात अशी टिप्पणी झालेली असेल तर तिची प्रतही जोडा. कार्यालयात पूर्वीच्या सहीइतका भरवसा दुसऱ्या कशावर नसतो. यंदाच्या प्रपत्रात ती तळटीप पुन्हा आली. मी पहिल्याच आठवड्यात गेल्या वर्षीच्या टिप्पणीची प्रत लावून पत्र दिलं आणि पोच घेतली. माझ्या केंद्रांतल्या सगळ्या गुरुजींना आणि बाईंना त्या पोचेचा फोटो पाठवून ठेवलाय.