अजब बंगला, आई आणि पिसदुऱ्याचे दगड

नागपूरचा अजब बंगला, म्हणजे तिथलं जुनं संग्रहालय, सोमवारी बंद असतो, हे आधी सांगतो. कापूस वेचणीतून उसंत आणि पोट्ट्यांच्या शाळेला सुट्टी असा जमून येणारा दिवस आमच्याकडे मुश्किलीने निघतो, तो वाया जायला नको.

वरोऱ्याहून सकाळची एसटी पकडली. आईची पंच्याहत्तरी उलटलेली, त्यामुळे आधार दाखवलं की तिचं तिकीट फुकट. बहिणीचं अर्धं, भाच्याचंही अर्धं. कंडक्टर मला म्हणाला, "भाऊ, पूर्ण पैशाचे प्रवासी तुम्हीच!" जांब, बुटीबोरी करत गणेशपेठ स्टँडवर उतरलो आणि ऑटो केला.

हे संग्रहालय 1863 सालचं. बिऱ्हाड घेऊन फिरायचं तर शिल्पं, शिलालेख, हत्यारं सगळं एका दमात होत नाही, म्हणून आम्ही पेंढा भरलेल्या प्राणी-पक्ष्यांकडे आधी गेलो. आईला वाचता येत नाही, पण पक्ष्यांच्या दालनात गाइड तीच झाली. टिटवीपाशी थांबून म्हणे, "हे उंचवट्यावर अंडी घालते ना, त्या साली पानी जास्त." दुसऱ्याची दोन पोरंही तिच्यामागे लागली. वाघापाशी मात्र ती घटकाभरही थांबली नाही. "याले काय पायत बसू? धुऱ्यावर दिसतेच की!" ताडोबा शेजारी असल्यावर माणूस असंच बोलणार.

मला स्वतःला ओढ होती ती स्टीफन हिस्लॉपच्या गोष्टीची. हा स्कॉटिश मिशनरी नागपुरात राहिला आणि आसपासचे दगड, जीवाश्म गोळा करत फिरला. बुटीबोरीजवळच्या टाकळघाटची शिळावर्तुळं (प्राचीन काळी गोलाकार मांडलेले मोठे दगड) पाहून परतताना सप्टेंबर 1863 मध्ये पुराच्या नाल्यात तो वाहून गेला. म्हणजे संग्रहालय सुरू झालं त्याच वर्षी. आमची एसटी त्याच भागातून आली होती, हे सांगितल्यावर भाच्याने पहिल्यांदा मोबाइल खिशात घातला.

मग मी त्याला आमच्याच तालुक्यातल्या पिसदुऱ्याचं सांगितलं. तिथल्या मातीत डायनासोरची हाडं निघतात आणि दगड झालेली विष्ठाही. 2005 साली अशाच विष्ठेत शास्त्रज्ञांना गवताचे सूक्ष्म कण सापडले. डायनासोरच्या काळी गवत नव्हतंच, असं तोवर धरून चालायचे. तो समज आमच्या वरोरा तालुक्यातल्या शेणाने मोडला! चंद्रपूर जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेने हे पहिल्या धड्यात शिकवायला पाहिजे, असं माझं ठाम मत.

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, वर्षातल्या मोजक्या दिवशीच आत सोडतात, म्हणून तो खालूनच पाहिला. झिरो माइलचा खांब ऑटोतून. दीक्षाभूमीला आईला जायचंच होतं, तिथे घाई केली नाही.

रमण विज्ञान केंद्र शेवटी ठेवा. आत शिरल्या शिरल्या तारामंडळाच्या खेळाचं तिकीट काढा, वेळ ठरलेली असते. तोवर बाकीचं होतं. आवारात डायनासोरचे पुतळे आहेत. एकाच्या शेपटीमागे जाऊन भाचा ओरडला, "मामा, पिसदुऱ्याचा माल यानंच टाकला का गा?" बहिणीने त्याला दटावलं, आई हसत राहिली. तिथून गणेशपेठ स्टँड पायी गाठता येतो, ऑटोचे पैसे वाचतात.