सेवादौऱ्याचा पहिला दिवस : चौदा जण, दोन बुकिंग आणि मागे राहिलेली एक बॅग

परदेशातील एका ख्रिस्ती मंडळीसोबत दोन आठवडे सेवा करण्यासाठी निघालेला आमचा चौदा जणांचा गट पहाटे साडेतीन वाजता उपासनामंदिराच्या आवारात जमला. बायबलमध्ये सांगितल्याप्रमाणे अंत्युखियाच्या मंडळीने उपास व प्रार्थना करून, हात ठेवून बर्णबा आणि पौल यांना रवाना केले होते. त्याच रीतीने मंडळीच्या वडीलजनांनी आमच्यावर हात ठेवले. त्या प्रार्थनेनंतरच्या वीस तासांत जे घडले, ते आमच्यामागून जाणाऱ्या गटांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

सामानाची बांधाबांध आम्ही आदल्या संध्याकाळी सर्वांसमक्ष, उघड्यावर केली होती आणि हा निर्णय योग्य ठरला. सेवेचे सामान, म्हणजे मुलांची पुस्तके, चित्रकलेचे साहित्य व प्रथमोपचाराच्या वस्तू, प्रत्येकाच्या बॅगेत थोडे थोडे वाटलेले असते. परंतु विमानतळावर त्या बॅगेत काय आहे याचे उत्तर ज्याच्या नावाची चिठ्ठी तिच्यावर लागते त्यालाच द्यावे लागते. म्हणून प्रत्येक झाकणाच्या आत वस्तूंची यादी चिकटवावी आणि एकाच प्रकारची सगळी सामग्री एका बॅगेत भरू नये. वजनाची मर्यादा तिकिटावर पाहावी. ती अनेकदा एका नगाला २३ किलो असते. पॉवर बँक मोठ्या बॅगेत ठेवता येत नाही, ती सोबतच्या पिशवीतच हवी, आणि १०० वॅट-तासांपर्यंतची असेल तर सहसा वेगळी परवानगी लागत नाही. नेहमी मिळणारी वीस हजार एमएएचची पॉवर बँक सुमारे ७४ वॅट-तासांची असते.

खरी कसोटी दुसऱ्या विमानतळावर लागली. पहिले विमान उशिरा सुटल्यामुळे पुढचे चुकले आणि तेव्हा लक्षात आले की आमची तिकिटे नऊ आणि पाच अशा दोन वेगळ्या बुकिंगमध्ये काढलेली होती. संगणकाला आम्ही एक गट आहोत हे ठाऊकच नव्हते. नऊ जणांना लगेचच्या विमानात जागा मिळाली, तर उरलेल्या पाच जणांना पाच तासांनंतरच्या. त्या पाचांत सतरा वर्षांची दोन मुले होती आणि त्यांच्या पालकांची संमतीपत्रे, यजमानांचा पत्ता व निमंत्रणपत्र हे सारे माझ्या फाइलीत, म्हणजे नऊ जणांच्या गटात होते. ही चूक सर्वस्वी माझी होती. खिडकीवरील अधिकाऱ्यांना विनंती केल्यावर पाचांपैकी एका अनुभवी बंधूंना पुढच्या विमानात आणि मला मागच्या विमानात जागा देण्यात आली. पण अशी सोय दरवेळी होईलच असे नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी सर्वांची तिकिटे एकाच बुकिंगमध्ये काढावीत. ते जमत नसेल, तर प्रत्येक बुकिंगमध्ये एक जबाबदार प्रौढ व्यक्ती असावी आणि तिच्याजवळ कागदपत्रांचा पूर्ण संच, यजमानांचा दूरध्वनी क्रमांक व थोडी रोख रक्कम असावी. पासपोर्ट मात्र ज्याचा त्याच्याकडेच राहू द्यावा. सगळे एका पिशवीत गोळा केले आणि ती पिशवी हरवली, तर संपूर्ण गटच अडकून पडतो.

ते पाच तास वाया गेले असे मला वाटत नाही. गुडघेदुखी असलेल्या एका ज्येष्ठ भगिनीसोबत आम्ही दर तासाला फेरी मारत होतो आणि त्या चालण्यातच दोघांपैकी एका मुलाने, आपल्याला लोकांसमोर विश्वासाची साक्ष द्यायची भीती वाटते, हे प्रथमच बोलून दाखवले. तयारीच्या तीन महिन्यांत तो हे कोणाजवळही बोलला नव्हता. प्रार्थना आम्ही बसल्या जागी, हलक्या आवाजात केली. विमानतळावर थकलेले, चिंतेत असलेले इतर लोकही असतात आणि त्यांची वाट अडवून मोठ्याने गाणे मला योग्य वाटत नाही.

पोहोचल्यावर इमिग्रेशनच्या खिडकीवर याच मुलाने घाबरून आपण सुट्टीसाठी आलो असल्याचे सांगितले, आमचा व्हिसा मात्र धार्मिक व स्वयंसेवी कार्याचा होता. आम्हा सर्वांना बाजूला बसवण्यात आले, निमंत्रणपत्र तपासले गेले आणि वीस मिनिटांनी सोडण्यात आले. अनेक देशांत पर्यटक व्हिसावर धर्मप्रसार किंवा विनावेतन काम करण्याचीही परवानगी नसते, त्यामुळे नेमका कोणता व्हिसा लागतो हे वकिलातीला काही महिने आधीच लेखी विचारावे, आणि योग्य व्हिसा मिळत नसेल तर दौरा पुढे ढकलावा, पण खोटे कारण सांगून जाऊ नये. गटातील प्रत्येकाला आपण कोठे, किती दिवस आणि कशासाठी चाललो आहोत हे साध्या शब्दांत सांगता आले पाहिजे. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक आहे ना, हेही पाहावे. पीतज्वराच्या लशीचा दाखला लागणारा देश असेल, तर तो दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनीच ग्राह्य धरला जातो, हे लक्षात ठेवावे.

प्रथमोपचाराच्या वस्तूंची एक बॅग आलीच नाही. सामानाचे दालन सोडण्यापूर्वीच तेथील खिडकीवर लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा, आणि चेक-इनच्या वेळी मिळालेली बॅगेची चिठ्ठी तोवर फेकू नये. माँट्रियल करार (विमानप्रवासातील नुकसानभरपाईचा आंतरराष्ट्रीय करार) लागू असलेल्या प्रवासात, उशिरा मिळालेल्या सामानाबद्दल ते हाती आल्यापासून २१ दिवसांत आणि मोडतोडीबद्दल ७ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. आमची बॅग तिसऱ्या दिवशी आली. प्रत्येकाची रोजची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातील पिशवीत होती, म्हणून कोणाचीही मात्रा चुकली नाही.

आम्ही पाच जण यजमानांकडे पोहोचलो तेव्हा मध्यरात्र जवळ आली होती. त्या संध्याकाळी स्वागताची उपासना आणि आमची गीते ठरलेली होती. तेथील पाळकसाहेबांनी आधी पोहोचलेल्या नऊ जणांचे चेहरे पाहून ती स्वतःहून दुसऱ्या दिवसावर ढकलली. पहिल्या संध्याकाळी कोणताही कार्यक्रम ठेवू नये, अशी विनंती आपण यजमानांना आधीच करावी. कार्यक्रम पुढे ढकलण्याचा संकोच त्यांच्यावर सोपवू नये. झोपण्यापूर्वी आमच्यातील एका भगिनीने सर्वांच्या वतीने एकच संदेश मंडळीला पाठवला, कारण विमान चुकल्याची अर्धवट बातमी कळल्याने काही आईवडील अजून जागे होते.